सळईबाईचा डावा कान

शहराला पाणी चढवणाऱ्या पंपघरात सहा पंप होते आणि सातवी सळईबाई. तिचं खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. तिच्याकडे हातभर लांबीची एक लोखंडी सळई होती, एका टोकाला लाकडाची गोल मूठ बसवलेली. टोक पंपाच्या अंगाला लावायचं, मूठ कानामागच्या हाडावर टेकवायची आणि आतलं बेअरिंग काय म्हणतंय ते ऐकायचं. पण खरी करामत सळईच्याही आधीची होती. पाळीवर येताना ती दारातच थांबायची, डोळे मिटायची आणि बोट दाखवायची, "चार नंबर. आज कुरकुरतोय." सव्वीस वर्षांत किती साहेब आले, सगळ्यांनी त्या बोटाची परीक्षा घेतली आणि सगळ्यांनी हात टेकले. भरल्या वर्गात कोण पुटपुटलं ते फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या बाईंना कळावं, तसं तिला कळायचं.

पाळीतला तिचा जोडीदार म्हणजे पहिलवान. फुंकर मारली तर उडेल असा माणूस, म्हणून पहिलवान. एका सकाळी त्यानं झडप जरा घाईनं उघडली आणि हवेच्या टाकीची जुनाट नळी सळईबाईच्या डाव्या कानापासून वीतभर अंतरावर फुटली. लागलं कुणालाच नाही. रक्ताचा थेंबसुद्धा नाही. फक्त तिच्या डाव्या कानात कापूस कोंबल्यासारखं झालं आणि एक बारीक शिट्टी सुरू झाली, ती काही थांबेना.

आता इथे कोणीही शहाणा माणूस डॉक्टर गाठेल. पण बाई स्वतःच डॉक्टर! तिनं चालू पंपाला सळई लावली, मूठ डाव्या कानामागे टेकवली, आणि पंप स्पष्ट ऐकू आला. "यंत्र शाबूत आहे," तिनं निदान केलं. "नुसतं झाकण बसलंय. उघडेल आपोआप." सहा दिवस ती रोज सळई लावून स्वतःची खात्री करून घेत राहिली. दारात उभं राहून बोट दाखवणं मात्र तिनं टाळलं. घरी तर ताकास तूर लागू दिली नाही.

तिचा नवरा शिंपी. दोन खोल्यांचं घर, त्यातली पुढची खोली त्याच्या मशीननं अडवलेली. तोंडात टाचण्या धरून बोलायची त्याला सवय, आणि ते बोलणं समजणारी जगात ही एकटीच. सहाव्या दिवशी संध्याकाळी तो तिच्या डावीकडून म्हणाला, "अगं, कात्री दे जरा." ती उजवीकडे, दाराकडे वळली.

"अगं, मी इकडे आहे."

"माहीत आहे मला."

"मग दाराकडे कुणाला बघतेस?"

थोड्या वेळानं पुन्हा तेच झालं. तेव्हा शिंप्यानं तोंडातल्या टाचण्या एकेक काढून मशीनवरच्या इवल्याशा गादीला टोचून ठेवल्या. हे तो फक्त गंभीर प्रसंगी करायचा. "काय लपवतेयस?" त्यानं विचारलं, आणि मग तिला सांगावंच लागलं.

कानाची डॉक्टरीण वयानं तिच्या लेकीएवढी होती. तिनं एक दुबोटी, आपटला की गुणगुणणारा चिमटा गुडघ्यावर मारला आणि त्याची दांडी बाईच्या डाव्या कानामागे टेकवली.

"ऐकू येतंय, मावशी?"

"येतंय की! मी तेच सांगतेय."

"कोणत्या कानात येतंय?"

हे तिला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. तिनं डोळे मिटले. आवाज गुणगुणत होता, स्वच्छ, आणि तो उजव्या कानात होता.

"कवटी सगळी एकसंध हो," डॉक्टरीण हळू आवाजात म्हणाली. "डावीकडे टेकवलं तरी कंप हाडातून पलीकडे जातो. तुमची सळई खरंच बोलत होती, पण उजव्या कानाशी."

सव्वीस वर्षं जिनं दुसऱ्यांची यंत्रं पारखली तिला स्वतःचं यंत्र कळू नये! बाईला स्वतःचा इतका राग आला की तिला तिथेच रडू फुटलं. शिंपी खिशातला कापडाचा तुकडा पुढे करून बसला.

डॉक्टरणीनं काही लपवलं नाही. कानाच्या आत खोल, सुईच्या टोकाहून बारीक केस असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजानं त्या झोडपल्या जातात आणि त्यांना रक्त कमी पोचतं. "मेलेल्या पेशी परत येत नाहीत. गुदमरलेल्या येऊ शकतात. तुमच्या किती मेल्यात आणि किती गुदमरल्यात, ते मला दिसत नाही. गोळ्या देते, शिवाय दाबाच्या खोलीत प्राणवायू घ्यायचा, रोज दीड तास, पंधरा दिवस. आधीच सहा दिवस गेलेत, आता एकही घालवू नका. खात्री मात्र मी देणार नाही."

पंपघरातून साहेबांचाही निरोप आला. कान आला तर ठीक, नाहीतर बाईंनी भांडारात बसून सामानाच्या चिठ्ठ्या लिहाव्यात. ज्याला आवाज कुठून येतो हे कळत नाही, त्याला फिरत्या यंत्रांमध्ये पाठवता येत नाही. साहेबांचं चुकत नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं.

दाबाची खोली म्हणजे पांढरी रंगवलेली एक पोलादी टाकी, तिला गोल काचा आणि जाड दार. ती चालवणारा पूर्वी समुद्रात बुड्या मारायचा, त्याला सगळे पाणबुड्या म्हणत. त्यानं आधी बाईची नखं तपासली. "ग्रीस आहे. पुन्हा धुऊन या." तिनं तीनदा हात धुतले आणि तिला हा माणूस एकदम आवडला. तेल आणि प्राणवायू एकत्र आले तर काय होतं, ते तिला सांगायची गरज नव्हती. सळई बाहेर, त्याच्या टेबलावर राहिली.

"दाब किती देता?" तिनं विचारलं.

"आत तुम्ही चौदा मीटर पाण्याखाली असल्यासारख्या."

तिनं मनात हिशोब केला. "एवढाच? माझे पंप याच्या चौपट देतात."

"तुमच्या पंपांना पाणी टाकीवर न्यायचं असतं," पाणबुड्या म्हणाला. "मला हवा रक्तात उतरवायचीय."

दार बंद झालं. हवा आत सुसाटली, उबदार झाली, कान दाटले. तिनं शिकवल्याप्रमाणे नाक चिमटीत धरून आवंढा गिळला. मग तोंडावर मुखवटा बसवून ती बाकावर शांत बसली. मांडीवर हात रिकामे. काचेपलीकडे काट्याची तबकडी दिसत होती आणि काटा जागचा हलत नव्हता.

इतकी वर्षं दाब म्हणजे तिला हातातला गडी वाटायचा, पाणी ढकलणारा आणि मोकाट सुटला की नळ्या फोडणारा. तोच इथे प्रत्येक श्वासाबरोबर तिच्या रक्ताच्या पाण्यात हवा विरघळवत होता. रक्ताच्या तांबड्या कणांनाही जिथे शिरायला जागा अपुरी पडते, तिथपर्यंत ते पाणी झिरपणार होतं. तिचा कान नेला तोही हवेनंच आणि आता तो शोधायला निघाली तीही हवाच. बाईला गहिवरून आलं. एवढं मोठं काहीतरी आपल्या आत चाललंय आणि त्याचा आवाजसुद्धा होत नाही, या विचारानं ती थक्क होऊन बसून राहिली. तिच्या कोणत्याही सळईला ऐकू येणार नाही असं हे पंपघर होतं.

पहिले सहा दिवस काहीच घडलं नाही. पहिलवान एकदा येऊन गेला, खाली मान घालून. "चार नंबर नीट आहे का?" तिनं विचारलं. तो म्हणाला, "तुम्हीच येऊन सांगा." आठव्या दिवशी शिट्टी जराशी मागे सरल्यासारखी वाटली. तिनं कुणाला सांगितलं नाही, आधी एकदा निदान चुकलं होतं. शिंपी रोज शिवण अर्धी टाकून यायचा, बाहेर काजं करत बसायचा आणि परतताना तिच्या उजव्या बाजूनं चालायचा. डॉक्टरणीकडून निघाल्या दिवसापासून तो डाव्या बाजूला गेलाच नव्हता.

तेराव्या दिवशी ते असेच निघाले. रस्ता अरुंद, दुकानांबाहेर मांडलेला माल, माणसांची वर्दळ. शिंपी टाचण्यांशिवायही टाचण्या असल्यासारखाच काहीतरी पुटपुटत होता. अचानक बाईनं त्याचा दंड धरून त्याला दुकानाच्या पायरीवर ओढलं.

"अगं, काय झालं?"

मागून एक हातगाडी तिच्या डाव्या कोपराला घासून पुढे गेली. बाईनं मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

"ए दादा, थांब जरा!" ती ओरडली. "तुझ्या डाव्या चाकाचं बेअरिंग गेलंय. आज ना उद्या निखळेल."

गाडीवाला थांबला, त्यानं डावं चाक हातानं हलवलं आणि डोळे विस्फारून तिच्याकडे बघत राहिला. बाई त्याच्याकडे बघतच नव्हती. तिनं डोळे मिटले होते आणि तिचा हात पुढे झाला होता, बोट ताठ, थेट त्या चाकाकडे.

शिंप्यानं एकदा त्या बोटाकडे पाहिलं, एकदा चाकाकडे. तो पायरीवरून उतरला, तिच्या पाठीमागून वळसा घालून डाव्या बाजूला येऊन उभा राहिला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "चल, घरी जाऊ."

"चला," ती म्हणाली, आणि डावीकडे, थेट त्याच्याकडे वळली.