मथुराची चिनी अळंबी

चौकशीखोर बाईला किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. लोकच दारात टाकून जातात, वर म्हणतात, "कुणाला सांगू नका हं!" माझ्याकडे असा मोठा साठा आहे तो तारापूरच्या आमच्या आळीतल्या मथुराच्या अळंबीचा. लिहू का, म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, "लिव सगलं, शांताबाय. देवाला पन कलू दे."

*

मथुरा मासळी विकायची, नवरा धर्मा होडीचा तांडेल, म्हणजे कप्तान. तिच्या छातीत गाठ निघाली. पालघरच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला आणि मुंबईला ऑपरेशनची तारीख मिळवून दिली. तिचा मुलगा बाळू परदेशी जहाजावर खलाशी. त्याला पत्र मीच लिहिलं, कारण सातवी पास बाई आळीत मी एकटी!

तारखेच्या आठवडाभर आधी बाळूच्या दोस्ताने हाँगकाँगहून एक डबा आणून दिला. डबा उघडताना मी हजर होतेच. आत तपकिरी, पंख्याच्या आकाराचं, पॉलिश मारल्यासारखं चकचकीत काहीतरी. सोबतची चिठ्ठी मी वाचली, 'आये, ही अळंबी हाय. चिनी वैद हिचा काढा कॅन्सरवर देतात.'

धर्माने ती जमिनीवर आपटून पाहिली. "अळंबी कसली? पाटाचा पाय हाय हा!"

*

काढा म्हणजे पाणी प्यायचं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे अळंबी म्हणजे कालवण! कांदा, खोबरं, आमसूल, मूठभर सोडे घातले आणि सकाळपासून उकळत ठेवली. संध्याकाळी होड्या परत आल्या तरी ती दगडच.

"औषध पहिल्यांदा मी बघतो," म्हणत धर्माने तुकडा दाढेखाली धरला. कटकन आवाज झाला. दोन महिने ठणकणारी, हलणारी दाढ हातात आली!

तोंड धुऊन म्हणाला, "गुन हाय औषधाला. दुखनं गेलं!"

*

मग आम्ही शहाण्या झालो. अळंबी सुपारीच्या अडकित्त्याने कातरून काढा उकळला. असा कडू, की वास घेऊनच मांजर पळालं. तेवढ्यात समोरचे रिटायर गुरुजी आले. चीनच्या लढाईला दोन-तीनच वर्षं झाली होती.

"मथुराबाई, शत्रूचं औषध पिता?"

मथुरा म्हणाली, "गुरुजी, देशासाठी मरायची येल आली की मरन. तंवर ती वाटी इकडं सरकवा."

गुरुजी तणतणत गेले. दुसऱ्या दिवशी परसदारी हळूच माझ्याकडे आले. "शांताबाई, तो काढा गुडघ्यांना चालतो का हो?"

*

हसत होतो, पण एक दिवस मथुरा म्हणाली, "आता कापायला कशाला जाऊ? पोरानं एवढ्या लांबून औषध धाडलंय. ते टाकून सुरीखाली गेले तर त्याला काय वाटंल?"

अळंबीचा तुकडा पदरात बांधून मी पालघरच्या डॉक्टरांना गाठलं. डॉक्टरांनी तो उलटसुलट पाहिला, वास घेतला. हसले नाहीत, त्याबद्दल मी त्यांचे आजही उपकार मानते.

"चिनी वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देतात, असं मीही ऐकलंय. गुण किती, ते मला ठाऊक नाही. पण बाई, गाठ आपल्यासाठी थांबत नसते. तारीख चुकवू नका. आणि काढा पितात, हे तिथल्या डॉक्टरांना आधी सांगा."

घरी आले तर मथुरा कागद घेऊन बसलेली. "लिव बाळूला. अलंबी मिलाली, कापायचं रद्द."

मी पेन खाली ठेवलं. "नाही लिहिणार."

"का गो?"

"कारण मग बाळूला पुढचं पत्रही मलाच लिहावं लागेल, मथुरे. आणि ते सांगायला तू नसशील."

तिने कागद चुलीत सारला. मग म्हणाली, "बोईसरवरून मुंबईची गाडी किती वाजता हाय?"

*

ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. मथुरा वाळून काटकी झाली, पण परत आली, आणि वर्षभराने डोक्यावर टोपलीसुद्धा चढली. त्याच सुमारास बाळू सुट्टीवर आला. माणसांनी भरलेल्या ओटीवर त्याने विचारलं, "आये, माझ्या अळंबीनंच बरी झालीस ना?"

गुरुजींनी चष्मा पुसायला घेतला.

आमच्याकडे होडी लागली की मासळीचे वाटे पडतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशांचा वाटा. मथुराने टोपली ओढली आणि पापलेटांचे वाटे घालायला लागली.

"ह्यो पालघरच्या डागदरचा."

मी म्हटलं, "अगं, ते मासे खात नाहीत!"

"खा कोन म्हनतंय? वाटा हाय तो. घेयालाच लागंल." मग मुंबईपर्यंत टिकतील म्हणून सुके बोंबील बांधले. "ह्यो मुंबईच्या डागदरचा, ह्यो नर्सबायचा. ह्यो शांताबायचा. ह्यो तुझ्या बापाचा."

"आनि अळंबीचा?" बाळूने विचारलं.

तिने टोपलीतलं सगळ्यांत मोठं पापलेट उचललं आणि त्या रिकाम्या चिनी डब्यापुढे ठेवलं.

पालघरच्या डॉक्टरांनी आपला वाटा दोन्ही हातांनी घेतला. मीच पोचवला होता, म्हणून सांगते. आणि त्या दिवशी जेवायच्या वेळी मी सहज डोकावले, तर डब्यापुढचं ते पापलेट तळून बाळूच्या ताटात होतं.