पिचरची चौकशी

जुमेरा लेक टॉवर्समध्ये आमच्या शेजारच्या दारात स्मितावहिनी राहतात. लग्न जुळवणं त्यांना किती जमतं ठाऊक नाही, पण मोडावं कुठलं हे त्यांना अचूक कळतं. दुबई-शारजातल्या मराठी घरांत मुलीला स्थळ आलं की पहिला फोन वहिनींना. मुलगा पगार किती सांगतो याला त्या किंमत देत नाहीत. त्या वॉचमनला विचारतात, जुन्या रूममेटला विचारतात, दुसऱ्याच कोणाच्या लग्नाच्या फोटोत कोपऱ्यात उभा असलेला मुलगा झूम करून बघतात. मीही दोनदा मदत केली. तिसऱ्यांदा बोलावलं नाही, कारण बातमी मी वाटेतच वाटून टाकली.

त्यांची केया इथेच वाढलेली. खेळाडूंच्या करारांवर सल्ला देणाऱ्या एका कंपनीत ती नवीन लागली. प्रोबेशन संपायला आठवडा उरला असताना पहिलाच रिपोर्ट तिच्या एकटीच्या नावावर आला. अमेरिकेतल्या एका बेसबॉल टीमला पिचर घ्यायचा होता. पिचर म्हणजे आपला बोलरच, फक्त चेंडूला टप्पा देत नाही. हा डावखुरा, चौतीस वर्षांचा, जुना करार संपल्यामुळे कुठेही जायला मोकळा. मागत होता तीन वर्षांचे तीन कोटी साठ लाख डॉलर.

"तेरा कोटी दिरहम," केयाचे बाबा, विष्णू, पुटपुटले. "म्हणजे आपले तीनशे कोटी!" आणि कप खाली ठेवला.

मी तेव्हा साखर मागायला गेलो होतो. साखर घरात होती, ते सोडा.

"पहिल्या घरी किती वर्षं होता?" वहिनींनी विचारलं.

"आई, धिस इज नॉट अ रिश्ता! सिक्स इयर्स."

"मग ठेवून का नाही घेतला?"

"कॉन्ट्रॅक्ट संपलं. हिज नंबर्स आर ग्रेट. मी 'येस' लिहितेय. इफ आय ॲम राँग, आय ॲम आउट."

"नंबर सगळ्यांचेच ग्रेट असतात. व्हिडिओ लाव."

वहिनींनी त्याची बोलिंग पाहिलीच नाही. मॅच संपल्यावर काय होतं ते पाहिलं. एप्रिलमध्ये त्याची छोटी धावत आली आणि त्याने तिला डाव्या हातावर उचललं. जूनमध्येही डाव्याच. सप्टेंबरमध्ये ती डावीकडूनच आली, तर हा गर्रकन वळला आणि उजव्या हाताने घेतली. टोपी उजव्याने काढली, बाटली उजव्याने धरली.

"खांदा दुखतोय त्याचा," वहिनी म्हणाल्या. "आणि कोणाला सांगितलेलं नाही."

"सगळेच पिचर हात जपतात, आई."

"एप्रिलमध्ये का नाही जपला?"

विष्णू खिडकीबाहेर बघू लागले. मला कारण माहीत होतं. वीस वर्षांपूर्वी ते खोर फक्कानच्या बंदरात क्रेनवर सुपरवायझर होते, रोज शिड्या चढायचे. उजवा खांदा गेला तो त्यांनी वर्षभर लपवला. मेडिकलमध्ये नापास झाले तर नोकरी, व्हिसा, सगळंच खलास. त्या वर्षी ते केयाला डाव्या कडेवर घेऊ लागले. काळजाच्या बाजूला घेतात म्हणून वहिनी सुखावल्या होत्या! शेजारणींनाही कौतुकाने सांगायच्या. अख्ख्या गल्फमधल्या पोरांची चौकशी करणाऱ्या बाईला घरातला खांदा दिसला नाही.

लॅपटॉप ओढून केयाने पूर्ण सीझनची सरासरी बाजूला ठेवली आणि एकेक महिना वेगळा काढला. वेगवान चेंडूचा वेग तोच होता. पण ऑगस्टपासून त्याने तसे चेंडू टाकणंच निम्म्यावर आणलं होतं.

"ओ गॉड. मग 'नो' लिहू?"

"नो कशाला? घाबरलाय बिचारा. पोर आहे त्याला. एक वर्षाचं लिही. दुसरं वर्ष खांदा बघून."

केयाने तसंच लिहिलं. तिची बॉस नबिला हिने विचारलं, हाताचं तुला कसं सुचलं? केया म्हणाली, "माय मदर." नबिला हसली नाही. तिलाही आई आहे. महिन्यांचे आकडे तिने दोनदा तपासले आणि म्हणाली, "यल्ला, चल, पाठव."

टीमने एक वर्षाचा प्रस्ताव दिला. वैद्यकीय तपासणीत त्याने स्वतःच खांदा दाखवला आणि सही केली. केया पक्की झाली.

आता त्याची मॅच असली की इथे दुबईत सकाळचे सहा वाजलेले असतात. वहिनी पोहे परतता परतता टीव्हीला सांगतात, "हळू रे बाबा, घाई नाही." परवा विष्णूंनी चिडवलं, "माझी एवढी चौकशी केली असतीस तर?"

"तुमची केली असती तर लग्नच केलं नसतं."

मी पोह्यांवर घ्यायला शेव शोधत वरचं कपाट उघडलं. रिकामं. त्याच्या शेजारचंही रिकामं. वहिनींचे सगळे डबे हात वर न्यावा लागणार नाही अशा, कमरेच्या खालच्या कपाटात असतात, खोर फक्कानच्या त्या लपवलेल्या वर्षापासून. वहिनींनी माझ्याकडे असं पाहिलं की ही बातमी मात्र मी कुठे वाटली नाही. तुम्हाला सांगतोय तेवढीच.