बसून टाकलेली पावलं

तुमच्या घरातल्या माणसाची तब्येत तुम्ही शेवटची कधी विचारलीत, आणि किती दिवस ती नुसती फोनवर बघताय?

हा प्रश्न मी आधी स्वतःला विचारला आहे. उत्तर देताना मान खाली गेली. म्हणून तुम्हाला विचारते.

माझ्या मनगटावरचं स्मार्टवॉच माझ्या वडिलांचं आहे. दुकानदार आता ते हातात घ्यायलाही कंटाळतो, इतकं जुनं. पट्टा दोनदा बदलला. सकाळी पूर्ण चार्ज केलं तरी रात्रीच्या जेवणापर्यंत जेमतेम टिकतं. खातं अजून बाबांचंच आहे, मी बदललेलं नाही. त्यामुळे घड्याळाला वाटतं की बाबा रोज डहाणू स्टेशनजवळच्या खोलीतून निघतात, ऑफिसात जातात, संध्याकाळी भाजी घेऊन परत येतात. गेले काही महिने ते रोज विचारायचं, अपडेट करायचं का? मी रोज 'नंतर'वर बोट ठेवायचे.

कारण सांगते, पण त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मी पत्रकांवर वाढले. तलासरीच्या आमच्या दोन खोल्यांत पुस्तकं मोजकी, पण पत्रकांचे गठ्ठे कॉटखालीसुद्धा. बाबा संघटनेचे पूर्णवेळ कार्यकर्ते, आई अंगणवाडी सेविका. 'आई' हा शब्द वाचायच्या आधी मी 'जाहीर' हा शब्द वाचला, असं आई सांगते, आणि सांगताना अजून जराशी चिडते. सहावीत मला सायकल हवी होती, तर मी मागण्यांचं पत्रक लिहून भिंतीवर चिकटवलं. बाबांनी त्याखाली लाल पेनाने शेरा मारला, "मागणी रास्त. भाषा मिळमिळीत. पुन्हा लिहा."

पत्रकं छापून आली की सतरंजी अंथरायची आणि सगळ्यांनी घड्या घालायला बसायचं. घडी तिहेरी, आणि मथळा बाहेरच्या बाजूला. बाबा म्हणायचे, "बाजाराला निघालेला माणूस आपल्यासाठी थांबणार नाही. हातात कागद पडला की चालता चालता मथळा दिसला पाहिजे." घडी घातली की ते उजवा हात कोपरापासून उचलून मूठ कागदावरून फर्रकन फिरवायचे. घडी, मूठ. घडी, मूठ. या लयीत ते गप्पा मारायचे, चहा मागायचे, मला पाढे विचारायचे, पण हात थांबायचा नाही. आणि घड्याळ ते नेहमी उजव्याच हातात घालायचे, कारण डाव्या हाताने कागद दाबून धरायचा असे.

दुसरा नियम चुकांबद्दलचा. मी आठवीत असताना उधवा गावच्या सभेच्या पत्रकाचं प्रूफ मी तपासलं आणि तारीख चुकीची गेली. हजारभर पत्रकं छापून आली. मी रडवेली होऊन म्हटलं, "वरून कोरा कागद चिकटवू या." बाबा म्हणाले, "झाकायची नाही, बाय. रेघ मारायची आणि शेजारी बरोबर लिहायचं. आपण चुकलो ते लोकांना दिसू दे." आम्ही तिघांनी हजार पत्रकं हाताने दुरुस्त केली. नंतर आठवडाभर माझा अंगठा दुखत होता.

मोठी झाल्यावर मला डहाणूला एका कार्यालयात कंत्राटी काम मिळालं. दिवसभर कागदावरचे आकडे संगणकात भरायचे. त्याच वर्षी बाबांना छातीत दुखून दवाखान्यात ठेवावं लागलं. डॉक्टरांनी सांगितलं, रोज हळूहळू चालायचं, पायांवर सूज आली किंवा धाप लागली तर लगेच यायचं. पाड्यापाड्यांवर पायी फिरून ज्याने जन्म काढला, त्या माणसाला चालायला सांगावं लागतंय, याचं बाबांनाच हसू आलं. मी हे घड्याळ घेऊन दिलं आणि त्यातले आकडे माझ्या फोनवर दिसतील अशी सोय करून घेतली. मला वाटलं, मोठं काम केलं.

पहिल्या आठवड्यातच दोघांचं बिनसलं. घड्याळ तासातासाला उभं राहायला सांगायचं.

"हे मला ऊठ म्हणतं," बाबांची फोनवर तक्रार. "मुकादम आहे का माझा?"

मागून आई म्हणाली, "मी सांगून ऐकत नाहीत, त्याचं तरी ऐका."

मग अपडेट यायला लागली. एकात खोल श्वास घ्यायची आठवण आली. बाबा म्हणाले, "श्वास घ्यायलासुद्धा आता वरून आदेश!" पुढच्यात झोपेला गुण मिळायला लागले. बाबांना शंभरापैकी एक्केचाळीस. ते आठवडाभर सगळ्यांना सांगत फिरले, "झोपेत नापास झालो." कधी मी घरी गेले की अपडेट करून द्यायचे, कधी नाक्यावरचा दुकानदार करून द्यायचा. प्रत्येक वेळी घड्याळाचं काहीतरी बदललेलं असायचं, आणि प्रत्येक वेळी बाबा विचारायचे, "मला न विचारता कुणी ठरवलं?" या प्रश्नाला कंपनीकडून उत्तर येत नाही. अजूनही नाही.

त्या हिवाळ्यात बाबांची पावलं वाढली. आधी दिवसाला दोन-अडीच हजार असायची, ती पाच झाली, सहा झाली, सात हजारांवर गेली. मी ऑफिसात आकडे भरता भरता फोन उघडून बघायचे आणि ऊर भरून यायचा. आमचे फोन लहान होत गेले.

"आज सात हजार! शाब्बास, बाबा."

"हां. काम जोरात आहे."

"धाप नाही ना लागत?"

"छे. तू तुझं बघ."

तलासरी काही लांब नाही. एका एसटीचं अंतर. पण रविवारी कपडे धुवायचे असायचे, मैत्रिणी असायच्या, आणि सात हजार पावलं टाकणाऱ्या माणसाची काळजी कशाला करायची? दोन महिने मी गेले नाही.

मग एकदा मधल्याच वारी सुट्टी मिळाली आणि न कळवता निघाले. गंजाड मागे टाकून बस हायवेला लागली तेव्हा मी फोन बघितला. सकाळचे साडेदहा, चार हजार शंभर पावलं. मनात म्हटलं, बाबा घरी भेटायचे नाहीत, कुठल्यातरी पाड्यावर असतील.

बाबा घरीच होते. सतरंजीवर, पाठीला उशी लावून, भिंतीला टेकून बसलेले. एका बाजूला कोऱ्या पत्रकांचा गठ्ठा, दुसऱ्या बाजूला घड्या घातलेल्यांचा. घडी, मूठ. घडी, मूठ. पाय पुढे पसरलेले. घोटे इतके सुजले होते की ते बाबांचे वाटेनात.

मी विचारलं, "आज फिरून आलात?"

आईने दारातूनच सांगितलं, "कुठलं फिरणं? दोन महिने झाले, नाक्यापर्यंतसुद्धा गेले नाहीत. ग्रामसभेच्या आधी सगळ्या पाड्यांची पत्रकं झाली पाहिजेत म्हणे. मी दवाखान्यात चला म्हटलं, तर म्हणतात लेकीला सगळं दिसतं, ती बघते आहे."

मी त्यांचा हात धरला आणि घड्याळ बघितलं. मग म्हटलं, "एक घडी घाला." त्यांनी घातली, मूठ फिरवली. आकडा हलला नाही. "थांबू नका, घालत राहा." दहा-बारा घड्या झाल्या आणि आकडा सरसर वर चढला. घड्याळाला हात हलताना कळत होता. पाय कुठे आहेत ते त्याला कळायची सोय नव्हती.

मी ओरडले. "तुम्ही मला फसवलंत!"

बाबा खरोखर गोंधळले. "मला काय ठाऊक ते काय मोजतं? तू रोज खूश व्हायचीस. मला वाटलं, घरातल्या घरात होतात एवढी. बसून काम करणाऱ्याचीही धरत असतील." मग पुढचं पत्रक उचलत म्हणाले, "धरायला पाहिजेत खरं म्हणजे."

त्याच दुपारी गाडी करून आम्ही त्यांना दवाखान्यात नेलं. सूज कधीपासून आहे, असं डॉक्टरांनी विचारलं. मला सांगता आलं नाही. आईने सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "लवकर आणायला हवं होतं." त्यांचा स्वर साधा होता. मला तेवढा पुरला.

बाबा तीन आठवड्यांनी गेले. ग्रामसभा त्यानंतर झाली. त्यांनी घडी घातलेली पत्रकं मी आणि आईने वाटली. बाजाराला निघालेल्या बायकांच्या हातात कागद पडत होता आणि मथळा बाहेर होता.

त्या दोन महिन्यांचे आकडे घड्याळात राहिले. मला ते रोज उघडून बघायची सवय लागली. ज्याला तिथे पावलं म्हटलं होतं, ती बाबांची मूठ होती. हा साडेसहा हजारांचा दिवस म्हणजे सकाळपासून बसले असणार. हा अठराशेचा, म्हणजे बरं नसणार. हाताने केलेल्या त्यांच्या शेवटच्या कामाची दुसरी नोंद कुठेही नाही.

आणि मग हे अपडेट आलं. माहितीत लिहिलं होतं की आता घड्याळ हाताची हालचाल आणि चालणं यांतला फरक ओळखेल, आणि मागच्या सगळ्या दिवसांची पावलं नव्या पद्धतीने पुन्हा मोजली जातील. माझ्या ऑफिसातल्या एका बाईंकडे हेच घड्याळ आहे, त्यांनी अपडेट केलं होतं. मी ते मागून घेतलं, हातात घालून अर्धा तास कागदांच्या घड्या घातल्या. आकडा अकराने वाढला. तोही बहुतेक मी पाण्याला उठले म्हणून.

मी पेटले. कोण तुम्ही माझ्या बापाचे दिवस पुसणारे? कुणाला विचारलंत? मी कंपनीला चार मुद्द्यांचं पत्रही लिहिलं. 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं एका मिनिटात उत्तर आलं. माणसाने वाचलं नाही हे त्या एका मिनिटावरूनच कळतं.

पुढे सूचना आली की महिनाअखेरीनंतर जुन्या रूपातलं ॲप उघडणारच नाही. म्हणजे अपडेट केलं तर आकडे बदलणार, नाही केलं तर दिसणारच नाहीत. मी तलासरीच्या नाक्यावरच्या त्या दुकानदाराकडे गेले. त्याने घड्याळ बघून हात जोडले. "बेन, हे अजून जिवंत आहे? करी नाखो ने अपडेट, करून टाका. जुनं धरून काय मिळणार?"

मी म्हटलं, "जुनं वाचवायचा काही मार्ग?"

"लिहून घ्या," तो म्हणाला, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी त्या सभेची उरलेली पत्रकं होती. त्यांची मागची बाजू कोरी. सतरंजी अंथरली. मी फोनवरून तारीख आणि आकडा वाचायचा, आईने लिहायचं, असं ठरलं. पण आई आकड्यापाशी थांबत नव्हती.

"सहा हजार दोनशे," मी वाचलं.

"त्या दिवशी उधव्याचा गठ्ठा संपवला. दोनदा चहा घेतला, मला चोरून तिसरा."

"नऊशे."

"खोकला होता. दिवसभर पडून होते. तुला सांगू नको म्हणाले."

"सात हजार चारशे."

आई हसली. "त्या दिवशी तू शाब्बास म्हणालीस ना? फोन ठेवल्यावर मला म्हणाले, आपली पोर बघते हो लांबून."

मी ते वाक्यही तिला आकड्याशेजारी लिहायला लावलं.

सगळे दिवस लिहून झाले तेव्हा पत्रकांच्या पाठी भरल्या होत्या. आई म्हणाली, "आता कर ते तुझं अपडेट. खरं काय ते घड्याळातही येऊ दे. ह्यांना झाकलेलं चालायचं नाही."

मी केलं. बराच वेळ गोल फिरत राहिलं. मग ते दोन महिने पुन्हा उघडले. एकशे वीस. नव्वद. दोनशे दहा. चाळीस. अंथरुणापासून मोरीपर्यंत आणि परत. जवळपास सगळे दिवस तसेच.

हे आकडे मला तेव्हा दिसले असते तर? एकशे वीस बघून मी त्याच संध्याकाळची एसटी धरली असती. ज्या अपडेटला मी शिव्या घातल्या, ते त्या हिवाळ्याआधी आलं असतं तर बाबा कदाचित आज सतरंजीवर असते आणि घड्याळाची टिंगल करत असते. हा विचार मला सोडत नाही. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, की अपडेटची वाट कशाला बघायची होती? आई रोज घरात होती. तिला एकदा विचारलं असतं, बाबा आज कुठे गेले होते, तरी पुरलं असतं. आकडा घड्याळाने चुकवला. रविवार मी चुकवले.

आईचं ब्लडप्रेशर हल्ली वर-खाली होतं. मी म्हटलं, हे घड्याळ तू घाल, माझ्या फोनवर मला दिसेल. तिने माझं मनगट उलटं करून पट्टा घट्ट केला. "ते तुझ्याच हातात राहू दे. तू रविवारी ये."

आता मी रविवारी जाते. पत्रकं असली तर सतरंजी अंथरतो. घडी, मूठ. घड्याळ गप्प असतं, एकही पाऊल धरत नाही. मला अजून सवयीने वाटतं की शेजारून कुणीतरी विचारील, किती झाली गं, बाय?

माझी मागणी एकच आहे, म्हणून तिला क्रमांक देत नाही. ज्याचे आकडे तुम्हाला लांबून दिसतात, असं तुमचं माणूस असेल, तर या आठवड्यात त्याच्याकडे जा. न कळवता जा. त्याच्या शेजारी बसा, त्याचे घोटे बघा, दिवसभर त्याचा हात काय करतो ते बघा. आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारा, हे शेवटचे बाहेर कधी पडले होते.