सुईवरचं नाणं

आमचे बाबा, सखाराम, भिसेगावचे लाउडस्पीकरवाले. वीस वर्षं भीमजयंतीच्या मिरवणुकीत टेंपोवर रेकॉर्डी वाजवल्या. खड्ड्यात सुई उडू नये म्हणून तिच्या दांड्यावर रुपयाचं नाणं चिकटवायचे, आणि वर ऐट, "आपली सुई उडत नाय!" उडायची नाही, खरंय. रेकॉर्ड मात्र खरवडून काढायची.

त्यातलीच एक घेऊन परवा दहिवलीच्या चंद्राबाई आल्या. त्यांच्या नवऱ्यानं, लडकूंनी, गायलेली. लडकू गेले, प्रतही ही एकच उरलेली. रविवारी विहारात त्यांच्या गाण्यांची पुस्तिका निघणार होती, लडकूंच्याच नावानं.

"ह्ये गाणं मी रचलंय," चंद्राबाई म्हणाल्या. "शेवटच्या कडव्यात माजं नाव हाय. पुस्तिका काढणारी पोरं म्हणतात, म्हातारी कायपण बोलते. त्यांना ऐकवायचंय, सखाराम."

बाबांचं तोंड उतरलं. शेवटचं कडवंच सगळ्यात जास्त झिजलेलं.

त्यांनी जपून ठेवलेली बारीक टोकाची नवी सुई काढली. रेकॉर्डच्या खाचेत जुनी सुई जिथं घासलीच नाही, तिथवर ही पोचेल म्हणाले. सुई ज्यात बसते त्या कार्ट्रिजचे स्क्रू सैल केले, ते केसभर पुढे सरकवलं, पुन्हा मागे. मग दांड्यामागचं वजन फिरवत फिरवत सुईचा भार दीड ग्रॅमवर आणला.

"जास्त झाला तर उरलंसुरलंही जाईल. कमी झाला तर सुई उडेल."

मी मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू केलं. लडकूंचा आवाज आला. एक कडवं, दुसरं, तिसरं. आणि टक्! सुई सरकन आत घसरली. गाणं खलास.

चंद्राबाईंनी कमरेच्या पिशवीतून नाणं काढलं. "ठेव रं. तुजीच रीत हाय."

"नको!" बाबा एवढ्यानं ओरडले की मी दचकले. "दांडा आत ओढला जातोय. त्याला बाहेरून ताण दिला पायजे."

दांड्याच्या बाजूची, तो ताण कमीजास्त करणारी चकती त्यांनी जराशी फिरवली. सुई पुन्हा टेकवली. नुसती खरखर. मी मनात म्हटलं, गेलं! आणि खरखरीतून लडकू, अगदी स्वच्छ: "चंद्रा सांगे..."

"वाजलं की नाय!" बाबा पोरासारखे हसले.

चंद्राबाई हसल्या नाहीत. पदरानं डोळे पुसले.

"वीस वर्षं गावभर वाजवलंस रं सखाराम," त्या म्हणाल्या, "माज्याच नावावर नाणं ठेवून."

बाबांनी दांडा उचलून जागेवर ठेवला. मान काही वर केली नाही.