ताटलीत काय निघालं?

आपल्याकडे ऑपरेशन नीट झालं की नाही, हे पेशंट उठून बसला यावरून ठरत नाही. ताटलीत काय निघालं यावरून ठरतं. माझ्या मामांच्या पित्ताशयातले खडे त्यांच्या हॉलमधल्या शोकेसमध्ये बाटलीत ठेवलेले आहेत, शेजारी नातवाचे क्रिकेटचे कप. पाहुण्यांना आधी खडे दाखवतात, मग चहा. मी जबड्याच्या शस्त्रक्रिया करते, म्हणजे घरच्यांच्या लेखी 'दातांचीच' डॉक्टर. मामा मला दर दिवाळीत विचारतात, "तुमच्यात दाखवण्यासारखं काही निघतं का गं?"

निघतं. एकदाच निघालं नाही, आणि तेव्हाच नेमकं मी दाखवायचं कबूल करून बसले होते.

माझा दवाखाना सिंहगड रस्त्यावर आहे. धायरीची एक सतरा वर्षांची मुलगी दातांना तारा लावायला आली. तारांआधी सगळ्या जबड्याचा एक्स-रे काढतात. तिच्या एक्स-रेत खाली उजवीकडे, दाढांच्या मुळांपाशी, सुपारीएवढी काळी जागा दिसली. एक्स-रेत हाड पांढरं दिसतं. काळं दिसलं तर तिथे हाड नाही. मुलीला दुखत नव्हतं, सूज नव्हती. तिचा प्रश्न एकच होता, "मग तारा कधी?"

तिच्याबरोबर दोघे होते. वडील हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये. आणि आजोबा, पांढरी टोपी, धायरी गाव होतं तेव्हाचे शेतकरी. त्यांच्या शेतावर आता सोसायटी आहे. तिथेच पाचव्या मजल्यावर ते राहतात आणि लिफ्टला रोज नावं ठेवतात.

दुसऱ्या दिवशी तिघं पुन्हा आले, वडील चार पानांचं प्रिंटआउट घेऊन. "मॅडम, मी सगळं रीड केलंय. जॉमध्ये असे लीजन्स, म्हणजे गाठीबिठी, कशाकशामुळे होतात, त्याची ही लिस्ट." त्यातल्या काही नावांशी माझी शेवटची भेट परीक्षेत झाली होती. मी यादी बाजूला ठेवली आणि वर पेपरवेट ठेवला.

मग मुलीच्या दाढांवर एकेक करून गार फवारा मारला. प्रत्येक दाढेला ती खुर्चीत उडाली. "दाढा जिवंत आहेत," मी समाधानाने म्हणाले.

"मंग? मेल्या असत्या व्हय?" आजोबांनी विचारलं.

प्रश्न बरोबरच होता. दाढ आतून मेली असती तर काळ्या जागेचं खापर तिच्यावर फोडता आलं असतं. पण दाढा ठणठणीत, मुळं शाबूत, आणि काळ्या जागेची कड मुळांमधून बोटं घालावीत तशी वर गेलेली. माझा अंदाज असा होता, की आत काहीच नाही. हाडात नुसती पोकळी. तरुण वयात कधीकधी होते. का होते ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही. पण एक्स-रेत पोकळी काळी आणि गाठही काळीच. उघडून बघितल्याशिवाय इलाज नव्हता. पोकळी असली तर काम तिथेच संपणार होतं. गाठ असली तर, ती साधी का असेना, जबड्याचा तुकडा काढावा लागू शकला असता.

हे सगळं मी समजावून सांगितलं. आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. म्हणाले, "हिची आज्जी जबड्यानंच गेली. मिश्री लावायची. पयल्यांदा एवढंच व्हतं, सुपारीवानी."

"आजोबा, हे तसलं वाटत नाही."

"तवाचा डाक्टर बी असाच गोड बोलला व्हता."

मला गोड बोलते असं आजवर कुणी म्हटलेलं नाही, त्यामुळे मी जरा गांगरले.

"आत काय असंल ते समदं मुळासकट काढा, डाक्टरीणबाई. आन् मला दावा."

बाहेर पेशंट खोळंबले होते. "दाखवीन," मी म्हणून टाकलं. आत काही नसावं असं मलाच वाटत होतं, आणि मीच ते दाखवायचं कबूल केलं होतं.

ऑपरेशन खालचा जबडा बधिर करून केलं. मुलगी जागी, डोळ्यांवर हिरवं कापड. हाड पातळ झालेल्या जागी सुई घातली. सिरिंजमध्ये हवा आली आणि लालसर पाण्याचे दोन थेंब. मग नखाएवढी खिडकी पाडली, दिवा वळवला आणि आत डोकावले. स्वच्छ भिंती, आणि मध्ये काही म्हणजे काही नाही. रिकामं भोक बघून इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता. माझ्या तोंडून "वा!" निघून गेलं.

"काय आहे?" कापडाखालून बधिर ओठांनी प्रश्न आला.

"काही नाही."

"मग वा कशाला?"

आतल्या भिंती खरवडल्या, म्हणजे पोकळीत रक्त भरतं, गोठतं, आणि हळूहळू तिथे हाड धरतं. निदानासाठी उघडायचं आणि त्यातच उपचार होऊन जायचा, असा हा सोयीचा आजार. हाडाची कपची आणि खरवड तपासणीला जायच्या बाटलीत गेली. टाके झाले. सिस्टरने सवयीने धुतलेली स्टीलची ताटली माझ्या हातात दिली आणि मी सवयीने ती घेऊन बाहेर आले.

वडील मोबाइलचा कॅमेरा रोखूनच उभे होते. त्यांनी ताटलीत पाहिलं, मग माझ्याकडे. "मॅडम, लीजन?"

"नाही निघालं. आत काही नव्हतंच."

"म्हणजे डायग्नोसिस चुकलं?"

"बरोबर आलं. काही नाही, हेच डायग्नोसिस."

"मग ओपन का केलं?"

"काही नाही ना, ते बघायला."

बोलता बोलताच मला कळलं, की हे दुसऱ्या डॉक्टरने मला ऐकवलं असतं तर मी त्याला सोडला नसता. कवळीचं माप द्यायला आलेल्या पेठेतल्या एक बाई वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाल्या, "काही नव्हतंच, तर आम्हाला आधी घ्यायचं होतं."

माझा पारा चढला. "तुम्हाला आत काही निघायला हवं होतं का?" मी वडिलांवरच डाफरले.

आजोबा उठले. माझ्या हातातून ताटली घेतली, ट्यूबलाइटखाली तिरकी करून पाहिली, उलटी करून पाहिली.

"म्हंजी बोअर कोरडी गेली," ते म्हणाले.

"हो."

"हिच्या आज्जीच्या टायमाला भरल्याली ताटली दावली व्हती. डाक्टर म्हणला, बघा, समदं निघालं. मी बी बघितलं. म्हणलं, चला, सुटली." त्यांनी ताटली छातीशी धरली. "चार म्हयन्यांत गेली."

पेठेतल्या बाईंनी पेपर खाली ठेवला. मला रडू आलं, आणि पेशंटांसमोर आलं म्हणून स्वतःचा रागही आला.

"काढ की रं फोटू," आजोबा मुलाला म्हणाले. वडिलांनी निमूट फोटो काढला. आजोबा, टोपी नीट केलेली, दोन्ही हातांत रिकामी ताटली.

तपासणीचा कागद आला: साधं हाड, गाठीचा मागमूस नाही. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढला. काळ्या जागेत पांढरं धरू लागलं होतं. मुलीला तारा लागल्या होत्या आणि ती त्यांना कंटाळलीही होती. मी एक्स-रे उजेडावर धरून आजोबांना दाखवायला बाहेर आले, पण त्यांना सवड नव्हती. बाकावर सुजलेला गाल धरून एक गृहस्थ बसले होते. आजोबा त्यांच्या नाकासमोर मोबाइल धरून सांगत होते,

"नातीचं आपरेशन. ही बघा ताटली. काय बी निघालं न्हाई!"