सात तासांतला अर्धा तास

नागपूरहून मुंबईच्या विमानतळावर उतरलो तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. मस्कतचं विमान दुपारी चार चाळीसला होतं. मधे सात तास. तिथून गाडीने दीड तासावर, डोंबिवलीत, माझी आई होती. पुढच्या गुरुवारी तिचं बायपासचं ऑपरेशन होतं आणि मी भारतात आलोय हे तिला माहीत नव्हतं.

हे शेवटचं वाक्य लिहिताना लाज वाटते, म्हणून आधीच लिहून मोकळा झालो. मी मस्कतला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. बायकोची नोकरी नागपूरला, मुलगी तिच्याजवळ. मुलीच्या कॉलेज प्रवेशात कागदपत्रांचा घोळ झाला, वडिलांनी स्वतः हजर राहायला हवं असं कळलं, म्हणून चार दिवसांची रजा मागितली. साहेबांनी ती दिली, पण पाचव्या दिवशी सकाळी सातला हजर नसलात तर पुन्हा येऊच नका, असंही सांगितलं. त्याच महिन्यात आमच्यातल्या दोघांना घरी पाठवलेलं, त्यामुळे ते गंमत करत नव्हते हे मला कळत होतं.

चार दिवसांत डोंबिवली बसत नव्हती. धाकट्या भावाशी फोनवर बोललो आणि दोघांनी मिळून ठरवलं की आईला सांगायचंच नाही. सांगितलं तर ती चार दिवस दाराकडे डोळे लावून बसेल, मी गेलो नाही तर तिचं बीपी वाढेल, डॉक्टर ऑपरेशन पुढे ढकलतील. फोनवर हे फार शहाणपणाचं वाटलं होतं. आईबापांपासून गोष्टी लपवणारी माणसं नेहमी त्यांच्या बीपीचंच कारण सांगतात.

विमानतळावर सामान घेऊन आलो तर समोर दोन वाटा. डावीकडे पुढच्या विमानाला जाणाऱ्यांची, उजवीकडे बाहेर जाण्याची. बाहेरच्या दारावर उभ्या असलेल्या शिपायाला मी उगीचच विचारलं की बाहेर जाऊन परत येता येईल का. तो म्हणाला, या दाराने नाही, वरून तिकीट दाखवून, रांगेत, पहिल्यापासून. एवढं साधं उत्तर होतं. मी तिथल्याच बाकावर बसलो.

मी भित्रा आहे. लहानपणापासून आहे. परीक्षेला दोन पेनं, तीन पेन्सिली आणि एक तास आधी, असा मुलगा होतो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात, माझ्यापाठी तर त्याचं अख्खं कुटुंब. बाकावर बसून मी बोर्डिंग पासच्या मागे आकडे मांडले. जायला दीड तास, यायला दीड, काउंटर बंद व्हायची वेळ तीन चाळीस. शीळफाट्याला ट्रेलर अडकला तर? ऐरोलीच्या पुलावर गाडी बंद पडली तर? विमान चुकलं तर नोकरी गेली, नोकरी गेली तर ज्या प्रवेशासाठी आलो तो प्रवेश घेऊन काय करायचं?

पण आकड्यांच्या खाली दुसरी भीती होती, ती मांडता येत नव्हती. तीन वर्षांपूर्वी बाबा सकाळी गेले. मला संध्याकाळचं विमान मिळालं. ऐन मे महिना होता, शव तितका वेळ ठेवता आलं नाही. मी घरी पोचलो तेव्हा घर धुऊन पुसून झालं होतं आणि दाराशी चपलांचा ढीग होता. बाबांचं तोंड मला बघायला मिळालं नाही. आईच्या ऑपरेशनच्या कागदावर डॉक्टरांनी भावाची सही घेताना तिच्या वयाबद्दल जे काही सांगितलं, ते भावाने मला दोनदा सांगितलेलं.

मी भावाला फोन लावला. तो ऑफिसात होता. तो म्हणाला, "अरे, आता कशाला? इतके दिवस लपवलं, आता ऐन वेळी तिला धक्का नको. जा तू गुपचूप." मला हायसं वाटलं, अगदी खरं सांगतो. कुणीतरी नको म्हणायला हवं होतं, त्याने म्हटलं. मी उठून डावीकडे चालायलाही लागलो.

तेवढ्यात आईचा फोन आला. ती रोज साडेदहाच्या सुमाराला करते, मस्कतला तेव्हा नऊ वाजलेले असतात, माझी चहाची सुट्टी असते. फोन उचलणार तोच डोक्यावरच्या भोंग्यातून मराठीत सूचना सुरू झाली, मुंबई विमानतळावर आपलं स्वागत वगैरे. मी फोन हातात धरून उभा राहिलो. तो वाजत राहिला, तिचा फोटो पडद्यावर दिसत राहिला, आणि मी उचलला नाही. फोन थांबला. माझ्या मनात आलं, गुरुवारी काही झालं तर तिचा हा फोन मी उचलला नव्हता हे मला जन्मभर माहीत असेल. मग वळलो आणि शिपायाच्या समोरून बाहेर पडलो.

टॅक्सीवाला कळव्याचा निघाला. डोंबिवलीला सोडायचं, खाली थांबायचं आणि लगेच परत आणायचं, हे त्याला मी तीन वेळा समजावलं. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, कळलं साहेब, मी पण माणूसच आहे. ऐरोलीपर्यंत नीट गेलो. महापे ओलांडलं आणि शीळफाट्याच्या अलीकडे सगळं ठप्प झालं. पुढे कंटेनर, मागे कंटेनर. पाच मिनिटं, दहा मिनिटं. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला. मी म्हटलं, परत फिरू या. तो आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "साहेब, परत फिरायचं तरी पुढे जाऊनच फिरावं लागेल."

वीस-पंचवीस मिनिटांनी रांग हलली. घरापाशी पोचलो तेव्हा साडेबारा व्हायला आले होते. एकच्या ठोक्याला निघायचं असं मी ठरवलं, टॅक्सीवाल्याला सांगितलं, आणि दोन मजले धावत चढलो.

दार भावाच्या बायकोने उघडलं. ती नुसती बघतच राहिली, मग बाजूला झाली. आई खाटेवर मांडी घालून बसली होती, पुढ्यात भिजवलेल्या वालांची परात, आणि ती एकेक वाल सोलत होती. तिने मान वर केली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा छातीवर हात ठेवेल. तिने माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं आणि विचारलं, "बॅग कुठाय तुझी?"

बॅग खाली गाडीत आहे म्हटल्यावर तिला सगळं कळलं. तरीही मी सांगितलं. चार दिवस नागपुरात होतो, प्रवेशाचं काम होतं, तुला सांगितलं नाही, चार चाळीसचं विमान आहे. एका दमात. ती म्हणाली, प्रवेश झाला ना पोरीचा, मग झालं तर. रागावली असती तर बरं झालं असतं. भावाच्या बायकोने आत जाऊन भातासाठी तांदूळ भिजत घातले, आमटी सकाळची होतीच. फोनची बॅटरी संपत आलेली, तो मी आतल्या खोलीत चार्जिंगला लावला आणि आईच्या शेजारी खाटेवर येऊन बसलो.

आमच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असतं. डोंबिवलीत निम्म्या घरांतली असतात. बाबांची आठ बावीसची गाडी होती, आणि घड्याळ पुढे ठेवलं की माणूस घाबरून वेळेवर निघतो, असं त्यांचं म्हणणं. आम्ही भावंडं त्यातच वाढलो. घड्याळात बघायचं आणि मनात पंधरा वजा करायचे, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी येत होतं.

आईने पोरीबद्दल विचारलं, मस्कतच्या जेवणाबद्दल विचारलं. ती दाखवायला म्हणून दंडावरची सुयांची निळी खूण पुढे करत होती. मी वाल सोलायला घेतले. मधे घड्याळात बघितलं, एक वाजून पाच. म्हणजे एकला दहा कमी. अजून दहा मिनिटं आहेत, मी मनाशी म्हटलं, आणि त्या दिवसात पहिल्यांदा माझे खांदे सैल झाले. आई वाल सोलताना काहीतरी सांगत होती, शेजारच्या जिन्यातल्या कुणाच्या तरी लग्नाचं, आणि मी खरोखर ऐकत होतो.

पुन्हा बघितलं तेव्हा एक वीस. म्हणजे एक पाच, पाच मिनिटं उशीर, चालेल. उठता उठता मी स्वयंपाकघराकडे बघत सहज विचारलं, घड्याळ अजून पंधरा मिनिटं पुढेच आहे ना गं? भावाची बायको आतून म्हणाली, नाही भाऊजी, आईंच्या गोळ्यांच्या वेळा चुकायला लागल्या म्हणून मागच्या वर्षी बरोबर करून घेतलं.

मी मनगटाकडे बघितलं. माझं घड्याळ मस्कतच्या वेळेवर होतं, चार दिवसांत मी ते बदललंच नव्हतं. अकरा पन्नास. दीड तास मिळवला. एक वीस.

त्यानंतरचं मला तुटक आठवतं. आत जाऊन फोन ओढून घेतला, चार्जर तिथेच राहिला. कानात नुसता आवाज होत होता. शीळफाटा, कंटेनर, तीन चाळीस. बूट घालायला वाकलो तेव्हा आई खाटेवरून उठून दारापर्यंत आली होती. भिंतीला धरत आली असणार. तिने माझ्या दंडाला धरलं. तिची बोटं वालांनी ओली होती.

"मला भीती वाटते रे," ती म्हणाली. "अर्धा तास बस माझ्याजवळ. भात होईल तेवढ्यात. मग जा."

माझ्या आईने मला कधी थांब म्हटलेलं नाही. मी पहिल्यांदा परदेशी गेलो तेव्हा नाही, बाबांच्या तेराव्यानंतर निघालो तेव्हाही नाही. हे मला त्या क्षणी दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि तरी मी तिचा हात सोडवला. म्हटलं, "आई, विमान चुकेल."

ती म्हणाली, "बरं. सावकाश जा." मी पाया पडलो आणि जिना उतरलो.

परतीला शीळफाट्यावर एकही कंटेनर नव्हता. रस्ता मोकळा, ऐरोलीचा पूल मोकळा. टॅक्सीवाला म्हणाला, बघा साहेब, उगाच घाबरलात. अडीचच्या सुमाराला त्याने मला विमानतळावर उतरवलं. आत रांगेत माझ्या पुढे चारच माणसं होती. वर पाटीवर बघितलं तर मस्कतच्या पुढे लिहिलेलं, दोन तास उशीर.

चार तास मी त्या काचेच्या दालनात बसून काढले. घरी फोन केला. भावाच्या बायकोने उचलला आणि हळू आवाजात सांगितलं की आई भिंतीकडे तोंड करून पडल्या आहेत, उठवू का. मी म्हटलं, नको. मला वाटलं होतं विमान मिळालं की भीती जाईल. ती गुरुवारपर्यंत गेली नाही, लॅबमध्ये नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवताना मी प्रत्येक नाव दोनदा वाचत होतो.

ऑपरेशन नीट झालं. आता त्याला दोन वर्षं झाली. आई दोन मजले चढते, उतरते, भाजी स्वतः आणते. मागच्या डिसेंबरात मी महिनाभराची रजा घेऊन गेलो, या वेळी मोठी बॅग घेऊन. तिने दार उघडलं, बॅगेकडे बघितलं, पाणी आणून दिलं. मी पेला तोंडाला लावला तोच तिने विचारलं, परतीचं कितीचं आहे. अजून महिना आहे गं आई, म्हटलं, तर म्हणाली, तसं नव्हे, तारीख सांगून ठेव, म्हणजे त्या दिवशी मी भात लवकर टाकेन.