घासून चकाचक केलेलं शिंग

मला माझाच राग येतो, आणि तो काढायला दुसरं कुणी सापडत नाही.

माझा बाप, आम्ही त्याला बा म्हणतो, गावचं शिंग फुंकायचा. दोन हात लांब, तांब्याचं, वाकडं. त्याला ना बोटांसाठी भोक ना कळ. काय सूर निघायचे ते ओठांतून आणि दमातून. नवरदेव वेशीवर आला की आधी बाचं शिंग, मग बाकी सगळं. ज्याच्या घरी लग्न, त्यानं पान-सुपारी घेऊन बाला बोलवायला यायचं. हा त्याचा मान.

एकदा माझ्या मुलीनं त्याला मोबाईलवर कुठल्याशा बर्फाच्या डोंगरातलं लाकडी शिंग दाखवलं. माणसापेक्षा लांब, पुढचं टोक जमिनीला टेकलेलं, फुंकणारा एक म्हातारा. बानं ते तीनदा पाहिलं. "आपल्यातलाच दिसते हा बुढा. गाल पाह्य त्याचे कसे फुगले!" त्या दिवसापासून त्यानं एकच धरलं, नातीच्या लग्नात असं फुंकीन का आदिलाबादेत आयकू येईन.

लग्न गावीच करायचं ठरलं. मी राहतो आदिलाबादेला लागून मावल्याला, नोकरी शहरात. लग्नाआधी घरातली तांब्या-पितळेची भांडी कल्हईला जातात, तशी आमचीही निघाली. त्याच पोत्यात मी शिंग टाकलं. बाला विचारलंही नाही. फोटोत काळंकुट्ट दिसेल म्हणे! तांबटाला सांगितलं, चांगलं करून द्या. त्यानं पोचे काढले, घासून चकाचक केलं, आणि फुंकायचं तोंड एका बाजूनं झिजलेलं दिसलं म्हणून ते कापून नवं, गोल गरगरीत बसवलं.

ती झीज बाच्या ओठांची होती. त्याआधी त्याच्या बापाच्या.

बानं शिंग हातात घेतलं आणि बोटानं काठ चाचपला. "हे काऊन केलं बे?"

"झिजलं होतं ना, बा."

मग आठ दिवस गोठ्यामागे नुसती फुरफुर. ओठ सुजला, तरी सोडेना. मी तांबटाकडे धावलो, तर जुना तुकडा कधीच वितळून गेलेला. मी त्याच्यावर ओरडलो. तो शांतपणे म्हणाला, "तुमीच बोले ना साब, अच्छा करके देव."

लग्नाच्या दिवशी वरात वेशीवर आली. डीजे थांबवला. पांढरा पटका बांधलेल्या बानं शिंग उचललं, गाल फुगवले. फुस्स. पुन्हा फुंकलं, तर रेडकू ओरडावं तसं काहीतरी निघालं. वऱ्हाडी खो खो हसले. एकानं तर मोबाईलच वर धरला. "काय झालं गा, बुढेबा?" कुणीतरी ओरडलं.

मी चार पावलांवर उभा होतो. सांगायला काय लागत होतं? चूक माझी आहे, एवढंच. पण व्याही शेजारी, नवा कोट अंगात, आणि तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा मी गप्प.

बानं माझ्याकडे एकदा पाहिलं. मग हसून सगळ्यांना म्हणाला, "दमच नाही राह्यला बाप्पा आता. वय झालं."

साफ खोटं. त्याच सकाळी त्यानं विहिरीवरून दोन भरल्या बादल्या चढावरून आणल्या होत्या, मधे कुठं टेकला नाही. डीजे परत सुरू झाला आणि माझी सुटका झाली. हो, सुटकाच वाटली मला तेव्हा.

गेल्या महिन्यात आमच्याच आळीत लग्न होतं. मी गावी गेलो होतो. बा सकाळीच आंघोळ करून, पटका बांधून ओट्यावर बसला. शिंग मांडीवर. नातीच्या लग्नानंतरही त्या नव्या तोंडाशी झगडून आठ दिवसांपूर्वीच त्यानं सूर धरला होता. मी स्वतः ऐकला. पण पान-सुपारी घेऊन कुणी आलंच नाही. वरात दारावरून जाऊ लागली तेव्हा नवरीचा बाप धावत ओट्यावर आला, बाच्या पाया पडला.

"तुमाले तरास काऊन द्या म्हटलं. तुमीच म्हणाले होते ना, दम नाही राह्यला."

बानं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून वाट पाहिली असावी.

"हो, बरोबर हाय तुयं," तो त्याला म्हणाला आणि पटका सोडू लागला.

मी शेजारीच बसलो होतो.